गादीवरचे दोन तास

आमच्या घरात सकाळ व्हायची ती कापड फाटण्याच्या आवाजाने. काठाला कात्रीने बोटभर चीर द्यायची आणि मग दोन्ही हातांनी एका झटक्यात टर्रकन फाडायचं, ही आप्पांची रीत. कात्रीने कापलेलं वाकडं जातं, फाडलेलं धाग्याला धरून जातं, असं ते म्हणायचे. दुकानात पहिलं कापड फाटायचं तेव्हा आत अव्वाच्या तव्यावर पहिली भाकरी पडलेली असायची. घर आणि दुकान यांच्यामध्ये दार असं नव्हतंच, चौकटीला नुसता एक जाडाभरडा पडदा होता. त्यामुळे लसणाच्या फोडणीचा वास दुकानात जायचा आणि कोऱ्या कापडाच्या खळीचा वास घरात यायचा. आप्पा म्हणजे माझे वडील, अव्वा म्हणजे आई. शिरूर अनंतपाळच्या बाजारात आमचं ते कापडाचं दुकान. पांढऱ्या खोळीची लांब गादी, एका अंगाला आम्ही, समोर गिऱ्हाईक, आणि मध्ये उलगडलेल्या कापडांचा ढीग. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढल्याशिवाय आप्पा त्या गादीवर पाय ठेवत नसत.

चौथी झाल्यावर माझी शाळा बंद झाली. त्याचं वाईट वाटल्याचं मला आठवत नाही. वर्गात बाईंनी उभं केलं की माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. घरी पाहुणे आले तर मी ज्वारीच्या कणगीमागं जाऊन बसायची. पण एकदा आप्पा जेवायला आत आले होते आणि एक बाई लुगड्यावर खण शोधत खोळंबली होती. मी पडद्याआडून बघत होते. तिनं हातात धरलेला खण डोळ्यांना टोचत होता. मी कशी बाहेर गेले ते मलाच कळलं नाही. वरच्या फळीवरून आमसुली रंगाचा तागा ओढला आणि तिच्या पदराच्या काठाला लावून धरला. बाई म्हणाली, "आग्गो, हेच पायजे होतं की मला." तेव्हापासून ब्लाऊजपीसचं काम माझ्याकडं आलं. डाळिंबी, अंगूरी, मोरपंखी, चिंतामणी, शेवाळी, गुलबक्षी अशी रंगांची नावं मी बायकांकडूनच शिकले आणि काही माझ्या मनानं ठेवली. ढगाळ दिवशी भुईमुगाच्या पानाचा जो रंग दिसतो, त्याला मी 'ढगाळ हिरवा' म्हणायची. महिन्या-दोन महिन्यांत गिऱ्हाइकंही तसंच मागायला लागली. माणसांशी बोलायला मला आजही जमत नाही, पण मध्ये कापड असलं की जमतं.

पंधरावं सरलं आणि माझ्या चेहऱ्यावर मुरमं यायला लागली. आधी कपाळावर चार, मग गालांवर, मग हनुवटीखाली, आणि काही अशी मोठी नि लाल की कुशीवर झोपलं की ठणकायची. आमच्या घरी आप्पांची मोठी बहीण राहायची, गंगाआत्या. तिचा जीव माझ्यावर फार होता आणि तिला औषधं फार माहीत होती. या दोन्ही गोष्टींचा ताप मला झाला. मसुरीच्या डाळीचं पीठ, उगाळलेलं जायफळ, तलावाची काळी माती, सकाळी तोंड न धुता घेतलेली थुंकी, सगळं एकामागून एक माझ्या तोंडाला लागलं. एकदा तिनं विभूती कालवून लावली. मी अंगणात तशीच बसले होते. शेजारची म्हातारी दारातून आत आली, माझ्याकडं बघून तिनं हात जोडले आणि मग विचारलं, "कुठल्या मठाचं हाय हे?" अव्वा इतकी हसली की तिच्या हातातलं ताक सांडलं. मीही हसले. तेव्हा अजून हसता येत होतं.

मग आत्यानं माझं खाणं बंद केलं. अंगातली उष्णता आहे म्हणून शेंगाची चटणी बंद, गूळ बंद, आंबा बंद, तळलेलं तर नावालाही नाही. आमच्या भागात शेंगाच्या चटणीशिवाय भाकरी खाणं म्हणजे शिक्षाच. मी वर्षभर दूध-भाकरी खाल्ली आणि मुरमं वाढतच गेली. गिऱ्हाइकांच्या नजरा कापडावरून उठून माझ्या तोंडावर यायला लागल्या. प्रत्येक बाईकडं एक प्रश्न आणि एक औषध. एक जण आप्पांना म्हणाली, "सावकार, सडकेला मुरूम कमी पडला तर पोरीला न्या की." सगळे हसले, आप्पाही कसनुसं हसले, आणि माझ्या हातातला तागा सुटला. आणखी एकीनं आत्याला हळूच सांगितलं की वयात आलेल्या पोरीच्या मनात वाईट विचार असले की असं होतं. ते हळूच बोलणं पडद्यातून मला नीट ऐकू आलं. त्यानंतर कित्येक दिवस मी स्वतःचे विचार तपासत बसायची. सापडायचे ते रंगच.

कुणीतरी सांगितलं म्हणून आप्पांनी मेडिकलमधून एक ट्यूब आणली. काय सांगू, पंधरा दिवसांत तोंड पाण्यानं धुतल्यासारखं स्वच्छ. आत्या म्हणाली की हा जायफळाचाच गुण, उशिरा आला. मी गादीवर मान वर करून बसायला लागले, गाणी गुणगुणायला लागले. दीड-दोन महिने गेले आणि मग जे उलटलं, ते पहिल्याच्या दुप्पट. चेहरा लाल, ऊन लागलं की आग, आणि ट्यूब लावली नाही तर एका दिवसात गाल सुजायचे. मी गादीवर जाणं सोडलं. आधी म्हटलं पोट दुखतंय, मग म्हटलं अव्वाला मदत करते, मग कुणी विचारणंच बंद केलं. दिवसभर तोंडावर पदर ओढून मी आतल्या खोलीत बसायची आणि पडद्यापलीकडं कापड फाटल्याचा आवाज ऐकायची.

माझी नात आता लातूरला शिकवणीसाठी राहते. तिलाही मुरमं आली आहेत. ती फोनवर फोटो काढते आणि त्यातच बोटानं चेहरा गुळगुळीत करून घेते. मागे आली तेव्हा खोलीचा दिवा लावू देत नव्हती.  मला तिच्याशी यावर बोलता येत नाही, म्हणून तर ही वही.

त्या वर्षीची येळवस मला फार नीट आठवते. येळवस म्हणजे आमच्याकडची वेळअमावस्या. त्या दिवशी गावात माणूस राहत नाही. घराघराला कुलूप लावून सगळे शेतात जातात, रानात पूजा करतात, सगळ्या भाज्या-शेंगांची मिळून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील खातात, आणि वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून जेवायला बसवतात. म्हणजे त्या दिवशी सगळं गाव एकमेकांची तोंडं बघतं. मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिले. अव्वा थांबते म्हणाली, मी तिला ढकलून पाठवलं. बैलगाड्या गेल्या, घुंगरांचा आवाज गेला, आणि गावात असं शांत झालं की चिमण्यांची भांडणं ऐकू यायला लागली. मग मी तोंडावरचा पदर काढला. पडदा सारून दुकानात गेले. रस्त्याकडच्या फळ्या लावलेल्या होत्या, त्यांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या गादीवर पडल्या होत्या. मी गादीवर जाऊन बसले. एक तागा काढला, दुसरा काढला. आणि बघता बघता मी बोलायला लागले. "या मावशी, बसा. लुगडं कोणतं हाय? दाखवा. हां, याला गुलबक्षी न्हाई चालत, तोंडावर येतंय. हा बघा. उजेडात धरा. न्हाई आवडला तर घेऊ नका, पण एकदा धरून तर बघा." समोर कुणी नव्हतं. मी मनापासून दुकान चालवत होते.

मागं पडद्याजवळ डबा ठेवल्याचा आवाज झाला. पोरगी उपाशी राहील म्हणून आप्पा सायकलवर माझ्यासाठी भज्जी आणि आंबील घेऊन आले होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.  आत जाऊन तांब्याभर पाणी प्यायले, पुन्हा बाहेर आले, माझ्यासमोर गिऱ्हाईक बसतं तिथं बसले आणि म्हणाले, "खाऊन घे. गार झाल्यावर भज्जीला चव राहत न्हाई." मी खाल्लं. ते ताग्यांकडं बघत होते. दोन दिवसांनी सकाळी दुकान न उघडता आप्पांनी धोतर बदललं आणि अव्वाला म्हणाले, "नांदेडला जाऊन येतो. हिला चामडीच्या डॉक्टरला दाखवतो." आत्या म्हणाली, "मुरमाला डॉक्टर? लोक हसतील की रं." आप्पा म्हणाले, "हसू दे. लोक हसतेत म्हणून तर चाललोय."

नांदेडला माझी थोरली बहीण दिली होती, आक्का. तिचे मालक रेल्वेच्या हापिसात होते. अहमदपूरला गाडी बदलून आम्ही गेलो. मी सगळा रस्ता खिडकीकडं तोंड करून बसले होते. आक्कानं दार उघडलं, माझा पदर बाजूला केला, बघितलं, आणि पुन्हा नीट करून दिला. मग म्हणाली, "डॉक्टरीण हाय. बाई माणूस. घाबरू नको."

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या असाव्यात. मी खाली मान घालून बसले होते. आप्पा माझ्याबद्दल सांगत होते, जसं बैलाबद्दल सांगावं तसं, कधीपासून, काय खाते, काय लावलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे सगळं तीच सांगेल. तुम्ही जरा बाहेर बसता का?" आप्पा गेले. मग त्यांनी हात धुतले, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि दोन्ही हातांनी माझा चेहरा धरून उजेडाकडं वळवला. बोटांनी गाल चाचपले, कपाळ चाचपलं. मला एकदम रडू आलं. दुखलं म्हणून नाही. दीड वर्षात माझ्या तोंडाला औषध लावायला सोडून कुणी हात लावला नव्हता. अव्वाही मुका घ्यायची तो केसांचा. बाईंनी मला रडू दिलं, हात काढला नाही.

त्यांनी विचारलं की झोप लागते का, जेवण जातं का, मैत्रिणी येतात का. मग त्याच आवाजात, जसं पाणी प्यायलीस का विचारावं तसं, विचारलं, "कधी जीव नकोसा वाटतो का?" असं मला कुणी विचारेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी म्हणाले, "न्हाई." मग म्हणाले, "एकदा वाटला. विहिरीवर." त्या दचकल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "सांगितलंस ते फार बरं केलंस. आता वाटतो का?" मी विचार करून मान हलवली, नाही. "परत वाटला तर त्याच दिवशी आईला सांगायचं. आणि मला सांगायला ये, नाहीतर आक्काकडून निरोप पाठव. मुरमं बरी होतात, माझ्याकडं रोज होतात. पण तू इथं पाहिजेस." त्यांनी हेही विचारलं की हे आईला मी सांगू का तू सांगशील. मी म्हणाले, मी सांगते. पुढं सांगितलंही.

ट्यूब बघून मात्र त्यांचा चेहरा बदलला. ही ट्यूब आधी सगळं दाबून टाकते आणि मग जास्त उसळवते, म्हणाल्या, यात तुझी चूक काही नाही. कशी सोडायची ते त्यांनी नीट समजावलं. म्हणाल्या की नवं औषध लावल्यावर आधी थोडं बिघडल्यासारखं वाटेल, फरक दिसायला तीन महिने तरी लागतील, आणि नखं लावायची नाहीत. शेंगाच्या चटणीनं हे होत नाही. वाईट विचारांनी तर नाहीच. हे त्यांनी मी न विचारता सांगितलं, म्हणजे माझ्यासारख्या किती जणी त्या खुर्चीवर बसून गेल्या असतील.

माझे डोळे मात्र मघापासून दुसरीकडंच लागले होते. त्यांनी विचारलं, "काय बघतेस?" मी म्हणाले, "काही न्हाई." "सांग की." मग माझ्या तोंडून निघून गेलं, "साडी मोरपंखी हाय आणि ब्लाऊज पोपटी. चिंतामणी पायजे होता. पोपटीनं साडी मळकी दिसतीय." बोलले आणि जीभ चावली. बाई स्वतःच्या बाहीकडं बघत राहिल्या आणि मग खुर्चीत मागं टेकून अशा हसल्या की बाहेरची नर्स आत डोकावली. "गेली चार वर्षं मी ही साडी नेसते," त्या म्हणाल्या, "घरात कुणाची हिंमत झाली नाही. तुला हे कसं कळतं?" मग मी सांगितलं, गादीचं, ताग्यांचं. किती वेळ बोलले माहीत नाही.  शेवटी म्हणाल्या, "आणि आता बसत नाहीस गादीवर?" मी म्हणाले, "तोंड चांगलं झालं की बसणार." त्या म्हणाल्या, "उलटं आहे ते. आधी बसायचं. तोंड आपल्या सवडीनं चांगलं होईल, त्याची वाट बघत तू कशाला आत राहायचं?"

"लोक विचारतेत," मी म्हणाले.

"काय विचारतात? थांब. मी गिऱ्हाईक." त्यांनी पदर डोक्यावर घेतला, खुर्चीवर मांडी घातली आणि आवाज बदलून म्हणाल्या, "काय गं पोरी, तोंडाला काय झालं?" डॉक्टरीणबाई खुर्चीवर मांडी घालून बसलेल्या मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या आणि नंतरही नाही. उत्तरही त्यांनीच शिकवलं: मुरमं हायत. औषध चालू हाय. कोणता रंग दाखवू? एवढीच तीन वाक्यं. पहिल्यांदा माझा आवाज निघाला नाही, दुसऱ्यांदा अर्धा निघाला. चौथ्यांदा मी म्हणाले तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं, मग चिंतामणी दाखव."

खाली मेडिकलमध्ये आप्पांनी चिठ्ठी दिली. दुकानदारानं एक ट्यूब ठेवली, साबणाची वडी ठेवली आणि चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. म्हणाला, "हे तिसरं आमच्याकडं मिळत न्हाई." आप्पा म्हणाले, "मग कुठं मिळंल? महाग असलं तरी चालंल. गुरुद्वाऱ्याकडच्या दुकानात बघू का?" त्यानं आप्पांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि मोठ्यानं वाचलं, "कापडाच्या दुकानात गादीवर बसणे, रोज दोन तास, तोंडावर पदर न घेता." आप्पांनी चिठ्ठी परत घेतली, मराठी अक्षर होतं ते स्वतः दोनदा वाचलं, खाली बाईंची सही बघितली आणि घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. आप्पांचं असं होतं की माणसानं सांगितलेलं ते विसरायचे, पण डॉक्टरच्या कागदावर लिहिलेलं त्यांना देवाच्या आज्ञेसारखं.

आक्काच्या घरी पोचलो तेव्हा ती भाकरी थापत होती. मी म्हणाले, "शेंगाची चटणी हाय का?" आक्कानं आप्पांकडं बघितलं. आप्पा म्हणाले, "दे. डॉक्टरीणबाईनं सोडवलंय." मी त्या जेवणात अडीच भाकरी खाल्ल्या. तेल घालून कालवलेली लाल चटणी, कांदा, वर अंबाडीची भाजी. खाताना डोळ्यांत पाणी आलं ते तिखटाचं. आक्काचे मालक म्हणाले, "ह्या पोरीला वर्षभर कोंडून ठेवलं होतं का काय?" आणि खरंच होतं की ते.

घरी आल्यावर आत्याला चिठ्ठी पटली नाही. "असलं कुठं औषध असतंय व्हय?" ती आठवडाभर म्हणत होती. लग्नाचं कसं होणार, लोकांपुढं असं तोंड घेऊन बसली तर. माझ्या लग्नाचं काय झालं असं वाचणारा विचारेल, पण ही वही त्यासाठी नाही, म्हणून ते सांगत नाही. मुरमांचं सांगते. आठ महिने लागले. मध्ये एकदा फार बिघडली, तेव्हा बाईंनी औषध बदललं. डाव्या गालावर चार-पाच खळगे राहिले ते आजही आहेत. नातवंडं लहान असताना त्यांत बोट घालून मोजायची. त्या वेळी मात्र काहीच बरं झालेलं नव्हतं. नांदेडहून आल्याच्या दुसऱ्या सकाळी, तोंड होतं तसं लाल घेऊन, मी पडद्यापाशी उभी होते. आप्पांनी मनगटावरचं घड्याळ काढून गल्ल्याच्या पेटीवर ठेवलं आणि म्हणाले, "चल. वेळ चालू."

मी बसले.  पहिलं गिऱ्हाईक आलं ते तुळसाबाई, मळ्यातली, आवाज असा की दोन दुकानं पलीकडं ऐकू जावा. तिनं चप्पल काढली, गादीवर बसली आणि माझ्या तोंडाकडं रोखून बघत राहिली. मला वाटलं आता उठून आत पळावं. मी डोळे मिटले आणि म्हणाले, "मुरमं हायत. औषध चालू हाय. कोणता रंग दाखवू?"

"ते दिसलालंय मला," तुळसाबाई म्हणाली. "तू होतीस कुठं इतके दिवस?"

मी डोळे उघडले. तिनं पिशवी गादीवर उपडी केली. त्यातून साड्या आणि चार ब्लाऊजपीस पडले. "हे बघ तुझ्या बापानं काय दिलंय. पोरीच्या लग्नाच्या साड्या. जांभळ्यावर हा तपकिरी. म्हणे चालतंय. ह्या माणसाला रंग तीनच ठावं हायत बघ, लाल, हिरवा आणि बाकीचे. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बाया गणपतीच्या आरासीसारख्या फिरतेत इतके महिने."

"मी विचारूनच दिले होते," आप्पा पेटीमागून हळूच म्हणाले.

"इचारलं ना, पर बघितलं न्हाई. सरका तुम्ही. पोरी, तू बघ."

मी जांभळी साडी ओढून घेतली आणि उजेडात धरली. तेवढ्यात आणखी दोघी चप्पल काढत होत्या. त्यांच्याही हातांत पिशव्या होत्या. बहुतेक तुळसाबाईचा आवाज त्यांच्या घरापर्यंत पोचला असावा. मग मी वरच्या फळीवरचे तागे काढले, मग त्याच्यावरचे. कुणी कपाळाकडं बघितलं, कुणी नाही, मला नंतर सांगता आलं नसतं. एकीनं औषधाचं नाव विचारलं, तिच्या भाचीला पाहिजे होतं. मी तिला डॉक्टरीणबाईंचं सांगितलं आणि सांगता सांगता तिच्या लुगड्याला लावून एक खण फाडला, टर्रकन, धाग्याला धरून. मोतिया रंगाचा होता.

आप्पांनी पेटीवरचं घड्याळ उचललं, बघितलं, कानाला लावलं.

"महानंदा, दोन तास झाले गं. ऊठ आता."

"थांबा आप्पा," मी म्हणाले, "गिऱ्हाईक हाय."

आप्पांनी खिशातून चिठ्ठी काढली, उलगडली आणि काळजीनं म्हणाले, "पर डॉक्टरीणबाईनं दोनच लिवलेत."